कुत्रा चावला, आता भरपाई कोणाकडून आणि कशी मागायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न साध्यापासून अवघडाकडे लावले आहेत. उत्तरे महाराष्ट्राला धरून आहेत. दुसऱ्या राज्यातला निकाल आला तिथे तसे म्हटले आहे. घाईत असाल तर १, २ आणि ९ हे तीन प्रश्न आधी वाचा. भरपाईची बहुतेक प्रकरणे न्यायालयात हरत नाहीत. पहिल्या आठवड्यात कागद न झाल्याने आणि मुदत निघून गेल्याने ती न्यायालयापर्यंत पोचतच नाहीत.

१. कुत्रा आत्ताच चावला आहे. आधी पोलीस ठाणे की दवाखाना?

दवाखाना, आणि त्याच्याही आधी नळ. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पूर्ण १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत. घालावेच लागले तर आधी सीरम देऊन, मग सैल घालतात.

नुसते खरचटले असेल, रक्त आले नसेल तर लस पुरते. रक्त आले असेल, दात आत रुतला असेल किंवा फुटलेल्या त्वचेला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली असेल तर ती तिसरी श्रेणी. त्यात लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे लोक ज्याला 'सीरम' म्हणतात ते, थेट जखमेत आणि जखमेभोवती टोचावे लागते. मात्रा वजनावर असते: मानवी सीरम किलोमागे २० युनिट, घोड्यापासून केलेले ४० युनिट. पहिल्या दिवशी राहिले तर लशीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत देता येते.

सरकारी दवाखान्यात लस बहुधा त्वचेत देतात: दिवस ०, ३, ७ आणि २८. खासगीत दंडाच्या स्नायूत देतात तेव्हा ०, ३, ७, १४ आणि २८. आधी पूर्ण कोर्स झालेला असेल तर ० आणि ३ असे दोनच डोस, सीरम लागत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून डोस चुकवू नका. दाव्यातही चुकलेला डोस नडतो, कारण समोरचा वकील पहिला तोच दाखवतो.

२. केस पेपरवर नेमके काय लिहून घ्यायचे?

बऱ्याच केस पेपरवर 'डॉग बाइट, टीटी, एआरव्ही' (कुत्र्याचा चावा, धनुर्वाताची लस, रेबीजची लस) एवढ्या तीन शब्दांत काम उरकलेले असते. तेवढ्यावर भरपाई काढता येत नाही. डॉक्टरांना विनंती करून पाच गोष्टी लिहून घ्या: चावल्याची तारीख व वेळ, जागा, कुत्रा पाळीव की भटका, जखमेची श्रेणी, आणि जखमांचे वर्णन. वर्णन म्हणजे 'डाव्या पिंढरीवर बाहेरच्या बाजूस दातांचे चार व्रण, त्यातील एक ३ सेंमी लांब, मांस निघालेले' असे.

पोलिसात जायचे असेल तर 'एमएलसी' (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी) नोंद करायला सांगा. खासगी डॉक्टर ती टाळतात, म्हणून गंभीर जखमेत सरकारी रुग्णालयात एकदा दाखवून घ्यावे. लशीचे कार्ड पातळ कागदाचे असते आणि महिनाभर खिशात राहून फाटते. प्रत्येक डोसानंतर त्याचा फोटो काढा.

३. आणखी कोणता पुरावा जमवायचा?

जखमेचे फोटो. शेजारी शाळेची पट्टी धरून काढा, म्हणजे मोजमाप दिसते. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी त्याच कोनातून काढले तर बऱ्या होण्याचा किंवा न होण्याचा प्रवास दिसतो. फाटलेली पँट धुऊ नका, तशीच कागदी पिशवीत ठेवा.

सीसीटीव्ही सगळ्यात आधी पुसले जाते, कारण रेकॉर्डर जुन्यावरच नवे लिहितो. त्याच दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा दुकानदाराला लेखी अर्ज द्या: अमुक तारखेचे, अमुक ते अमुक वेळेचे चित्रण राखून ठेवावे. प्रत न्यायालयात द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र सोबत लागते. साक्षीदारांची नावे आणि फोन नंबर लिहून ठेवा.

कुत्र्याचाही फोटो हवा. भटक्या कुत्र्याच्या कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे. खाच नसेल तर तोही पुरावाच आहे (प्रश्न ८). त्याला रेबीज होता का ते कळावे म्हणून शक्य असल्यास त्याच्यावर १० दिवस लक्ष ठेवा, पण तोवर लस थांबवू नका.

४. पाळीव कुत्रा चावला तर मालकावर कोणता गुन्हा लागतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचे कलम २९१ ताब्यातल्या जनावराबाबत हलगर्जी करणाऱ्याला लागते: सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोबत कलम १२५ लावता येते. साध्या दुखापतीला सहा महिने किंवा ५,००० दंड, आणि गंभीर दुखापतीला तीन वर्षे किंवा १०,००० दंड, किंवा दोन्ही.

'गंभीर' कशाला म्हणायचे ते कलम ११६ सांगते. हाड मोडणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, यांच्याबरोबर १५ दिवस तीव्र वेदना असणे किंवा नेहमीची कामे करता न येणे हेही त्यात येते. जुन्या कायद्यात हीच मुदत २० दिवस होती. म्हणून 'विश्रांती आवश्यक' एवढ्यावर थांबू नका, किती दिवस ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या.

मुंबईत इमारतीच्या लिफ्टमध्ये कुत्रा चावल्याच्या २०१८ मधल्या प्रकरणात मे २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. तिथे सीसीटीव्ही कामी आले. मधली सात वर्षेही ध्यानात घ्या. भरपाईसाठी फक्त फौजदारी खटल्यावर विसंबणे परवडत नाही.

५. पोलीस म्हणतात, 'एनसी करतो, आपसात मिटवून घ्या.' काय करायचे?

कलम २९१ दखलपात्र आहे, त्यामुळे एनसी (अदखलपात्र नोंद) नव्हे, एफआयआर नोंदवता येतो. तक्रार तोंडी सांगू नका, लेखी द्या. त्यात 'हलगर्जी' नुसती म्हणू नका, दाखवा: पट्टा नव्हता, मुसके नव्हते, फाटक उघडे होते, हाच कुत्रा आधी अमक्याला चावला होता. घेतले नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांना पोस्टाने पाठवा, आणि तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पोस्टाची पावती जपून ठेवा, त्या अर्जाला ती जोडावी लागते.

६. मालकाकडून किती रक्कम मागता येते?

ठरलेले दरपत्रक नाही. रक्कम दोन भागांत मांडतात. पहिला भाग पावतीचा: औषधे, सीरम, ड्रेसिंग, रिक्षा, बुडालेली मजुरी किंवा पगार, सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, पुढची प्लास्टिक सर्जरी. लस फुकट मिळाली तरी प्रत्येक खेपेचा प्रवास आणि अर्धा दिवस मागता येतो. दिवसाला ७०० रुपये कमावणारा माणूस १२ दिवस घरी बसला तर ८,४०० रुपये तिथेच झाले. मुकादमाकडून तसे लिहून आणा.

दुसरा भाग वेदना, व्रण, भीती, हातापायाच्या हालचालीत आलेली कमतरता यांचा. इथे वय, चेहऱ्यावरची जखम, आणि कामाचे स्वरूप यांवर आकडा फिरतो. शिंप्याच्या बोटाला झालेली जखम आणि तीच जखम पाठीवर, यांत फरक आहे. कायमचे अपंगत्व असेल तर जिल्हा रुग्णालयाचे टक्केवारीचे प्रमाणपत्र घ्या; न्यायालये मोटार अपघात दाव्यांतली गुणक पद्धत (वार्षिक उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणणे) आधाराला घेतात.

मार्ग असा: वकिलामार्फत नोटीस, १५ दिवसांची मुदत, मग दिवाणी दावा. मालकाविरुद्धच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत धरली जाते, पण साक्षीदार पांगण्याआधी करा. फौजदारी खटल्यात शिक्षा झाली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली न्यायालय भरपाई द्यायला लावू शकते. ती आपोआप मिळत नाही, सरकारी वकिलांना सांगून मागावी लागते.

७. शेजारी पाच हजार देऊन मिटवू म्हणतो. घ्यावेत का?

शेजार जपायचा असेल तर अवश्य मिटवा, पण अठ्ठाविसाव्या दिवसाआधी 'आता माझी काही मागणी उरली नाही' अशा कागदावर सही करू नका. जखम चिघळली किंवा शस्त्रक्रिया निघाली तर तो कागद आडवा येतो. आधी घ्यायचे असतील तर 'आजपर्यंतच्या उपचाराच्या खर्चापोटी' असे लिहून, बँकेतून घ्या. आणि एफआयआर झालेला असेल तर आपसातल्या समझोत्याने तो संपत नाही. तो रद्द करायला उच्च न्यायालयात जावे लागते. मालकाला हे आधीच सांगितलेले बरे.

८. भटका कुत्रा चावला. जबाबदार कोण?

स्थानिक स्वराज्य संस्था: महानगरपालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण आणि चाव्याच्या तक्रारींवर कारवाई हे तिचे काम आहे. मात्र 'शहरात कुत्रा चावला' एवढ्याने पालिका दोषी ठरत नाही. तिने काम केले नाही हे दाखवावे लागते, आणि इथे माहितीचा अधिकार उपयोगी पडतो.

अर्जाला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. विचारा: आमच्या प्रभागात गेल्या दोन वर्षांत कुत्र्यांबाबत किती तक्रारी आल्या, किती कुत्र्यांची नसबंदी झाली, काम कोणत्या संस्थेकडे आहे, तिला किती देयके दिली. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द अशी मर्यादा आहे. लोक चार पानी कैफियत लिहितात आणि अर्ज त्याच कारणाने परत येतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवे.

९. पालिकेकडे भरपाई मागायची मुदत किती?

लोक सर्वांत जास्त इथे फसतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ४८७ आणि मुंबईसाठीच्या कायद्याचे कलम ५२७ सांगते की पालिकेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी, आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांत दाखल व्हावा. नगरपरिषदांच्या कायद्यात हेच कलम ३०४ मध्ये आहे. तीन वर्षांचा हिशेब इथे चालत नाही.

समजा १० जानेवारीला कुत्रा चावला. सहा महिने १० जुलैला संपतात. त्याआधी नोटिशीचा पूर्ण महिना गेला पाहिजे, म्हणजे मे अखेरपर्यंत नोटीस मुख्यालयात पोचायला हवी. नोटिशीचा महिना मुदतीतून वगळावा असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका.

नोटीस आयुक्तांच्या किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या, प्रभाग कार्यालयात देऊन थांबू नका. वर ठळक लिहा: 'नुकसानभरपाईची मागणी व दाव्यापूर्वीची वैधानिक नोटीस'. आत घटना, जखमा, पालिकेची कसूर, रक्कम आणि तुमचा पत्ता. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का आणि तारीख घ्या. ॲपवर केलेली तक्रार ही नोटीस ठरत नाही. तिचा क्रमांक पुरावा म्हणून जोडा. ग्रामपंचायतीवर दावा करायचा असेल तरी आधी नोटीस द्याच.

१०. 'प्रत्येक दाताला दहा हजार' हा नियम आपल्याकडे आहे का?

नाही. २०२३ चा तो निकाल पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचा आहे आणि पंजाब, हरियाणा, चंडीगडला लागू आहे. दाताच्या प्रत्येक व्रणाला किमान १०,००० रुपये, आणि मांस निघाले असेल तिथे जखमेच्या दर ०.२ सेंमीला किमान २०,००० रुपये, असे त्यात म्हटले आहे. केरळात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्यायमूर्ती सिरिजगन समिती नेमली होती, ती चाव्यांच्या भरपाईच्या मागण्या तपासत असे.

महाराष्ट्रात हे निकाल बंधनकारक नाहीत, पण आकड्याला आधार म्हणून जोडता येतात. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, तर जखमींना ५०,००० ते २.५ लाख रुपये द्यायला सांगितले. तो निकाल कुत्र्यांबद्दल नाही, पण पालिकेच्या निष्काळजीपणाची किंमत पालिकेने मोजावी हे तत्त्व आपल्याच उच्च न्यायालयाचे आहे, म्हणून तो नोटिशीत जरूर नमूद करा.

११. पालिकेने उत्तरच दिले नाही. दिवाणी न्यायालय की उच्च न्यायालय?

वस्तुस्थितीवर वाद असेल तर दिवाणी न्यायालय: साक्षी होतात, वेळ लागतो. कसूर कागदावरच उघड असेल, जखम गंभीर किंवा मृत्यू असेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट. तिथे सहा महिन्यांची अट नाही, पण उशिराचे कारण द्यावे लागते. रिट फेटाळून 'दिवाणीत जा' असे सांगितले जाऊ शकते, म्हणून सहा महिन्यांची मुदत जिवंत असतानाच निर्णय घ्या.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न कितीही असले तरी वकील मोफत मिळतो.

१२. गल्लीतल्या एक बाई रोज त्या कुत्र्याला खायला घालतात. त्यांच्यावर दावा होईल का?

नुसते खायला घातल्याने कोणी मालक होत नाही. कलम २९१ मधला कळीचा शब्द 'ताबा' आहे. रात्री घरात घेणे, साखळीला बांधणे, परवाना स्वतःच्या नावे असणे, 'आमचाच आहे' असे सोसायटीला लिहून देणे, यांतून ताबा दिसू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने खाणे ठरवून दिलेल्या जागीच घालायचे आहे. जिन्यात, फाटकात किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी कोणी घालत असेल तर पालिकेला लेखी कळवा. ती तक्रार पुढे उपयोगी पडते.

१३. सोसायटीच्या आवारात चावला. सोसायटी भरपाई देईल का?

सहसा नाही. सोसायटीने स्वतःची जबाबदारी मोडली असेल तर देणे लागू शकते: पडक्या कुंपणाबद्दल वारंवार लेखी तक्रारी येऊनही दुरुस्ती केली नाही, किंवा आक्रमक कुत्रा राखणीला सोसायटीनेच ठेवला. सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागवा. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदीचा ठराव मात्र टिकत नाही, त्यात वेळ घालवू नका.

१४. शाळेत, रुग्णालयात किंवा एसटी स्थानकात चावला तर?

७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानके येथून भटके कुत्रे हलवून निवारागृहात ठेवायला, आणि तिथेच परत न सोडायला सांगितले आहे. त्यानंतरच्या घटनेत पालिकेसोबत त्या संस्थेलाही नोटीस द्या. राज्य सरकार पक्षकार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस लागते. प्रश्न ९ मधला हिशेब त्याप्रमाणे अलीकडे ओढा.

१५. कुत्रा चावला नाही, पण मागे लागला आणि दुचाकीवरून पडलो. भरपाई मिळेल?

पालिकेविरुद्धचा मार्ग तोच. अडचण पुराव्याची: रुग्णालयात लोक 'गाडी घसरली' सांगतात आणि तेच कागदावर राहते. 'कुत्रा मागे लागला' हे पहिल्याच नोंदीत आले पाहिजे, आणि पोलिसांचा पंचनामा हवा. दुसरे वाहन नसल्याने मोटार अपघात न्यायाधिकरणात सहसा काही मिळत नाही. विम्यातले मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात कवच मात्र पाहा. ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वालाच लागू होते, आणि मागे बसलेल्याला नाही.

१६. कामावर असताना चावला. काम देणाऱ्या मालकाकडून काही?

मीटर रीडर, पोस्टमन, सुरक्षारक्षक, घरपोच माल देणारे यांच्या बाबतीत ही कामामुळे झालेली दुखापत ठरू शकते. ईएसआय (राज्य कामगार विमा योजना) लागू असेल तर लगेच अपघाताची नोंद करून घ्या. आजारपणाची रजा लावली की हक्क निसटू शकतो. ॲपवर काम करणाऱ्यांनी कंपनीच्या अपघात विम्याची कळवण्याची मुदत त्याच दिवशी पाहावी. हे पैसे मिळाले तरी कुत्र्याच्या मालकावरचा दावा राहतोच, फक्त एकच खर्च दोनदा मागता येत नाही.

१७. आरोग्य विम्यातून लशीचा खर्च मिळतो का?

बहुतेक पॉलिसी २४ तास भरतीशिवाय देत नाहीत; बाह्यरुग्ण खर्चाचे कलम असेल तरच मिळतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना (वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०) अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख आणि अंशतः कायम अपंगत्वाला १ लाख देते. दावा बँकेत ३० दिवसांत द्या. चाव्याच्या दिवसाचा रुग्णालयाचा कागद तिथे महत्त्वाचा असतो.

१८. रेबीजने किंवा हल्ल्यात मृत्यू झाला तर कुटुंबाने काय करायचे?

प्राणघातक अपघात अधिनियम, १८५५ खाली पती, पत्नी, आई-वडील आणि मुलांसाठी दावा करता येतो. भावंडे त्यात येत नाहीत. मुदत मृत्यूपासून दोन वर्षे. पालिकेविरुद्ध मात्र सहा महिन्यांचाच हिशेब धरा. पाळीव कुत्रा असेल तर न्याय संहितेचे कलम १०६(१) लागू शकते, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. शवविच्छेदन नाकारू नका. रेबीजची लक्षणे चाव्यानंतर काही महिन्यांनीही दिसतात, तेव्हा जुना केस पेपर हाच चावा आणि मृत्यू यांना जोडणारा धागा असतो.

१९. रुग्णालयाने सीरम दिलेच नाही. त्यांच्यावर दावा होतो का?

खासगी रुग्णालयाने तिसऱ्या श्रेणीची जखम असून सीरमचा उल्लेखही केला नसेल तर ग्राहक आयोगात दोन वर्षांत तक्रार करता येते. मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही. सर्वांना मोफत सेवा देणारे सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही, केस पेपरचे दहा-वीस रुपये भरले तरीही. तिथे 'सीरम उपलब्ध नाही' असे लिहून घ्या, वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज द्या, आणि त्याच दिवशी दुसरीकडे जाऊन सीरम घ्या. ती पावती नोटिशीत लावता येते. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात लस आणि सीरमचा साठा ठेवणे रुग्णालयांना बंधनकारक केले आहे.

२०. मुलाने कुत्र्याची शेपटी ओढली होती. मग हक्क गेला का?

पूर्ण जात नाही. मोठ्या माणसाने मुद्दाम डिवचले असेल, किंवा 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी वाचून विनापरवानगी आत शिरला असेल तर रक्कम कमी होते, कधी मिळतही नाही. लहान मुलाकडून मोठ्याएवढ्या शहाणपणाची अपेक्षा न्यायालये करत नाहीत. नुसती पाटी लावल्याने मालक सुटत नाही. दूधवाला, पेपरवाला, गॅसवाला बोलावल्यासारखेच येतात.

२१. रागाच्या भरात लोकांनी त्या कुत्र्याला मारले तर?

न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिवाय तो १० दिवस जगतो की नाही, हे कळण्याचा मार्ग बंद होतो. पिसाळलेला वाटला तर पालिकेला फोन करून पकडायला लावा आणि तक्रार क्रमांक घ्या.

२२. आमच्या शिवारात रानकुत्रा किंवा कोल्हा चावला. तेही पालिकेकडे?

नाही, ते वनविभागाकडे. रानकुत्रा, म्हणजे कोळसुंदा, आणि कोल्हा, लांडगा, तरस, बिबट्या यांच्या हल्ल्यात राज्य सरकार वनविभागामार्फत अर्थसाहाय्य देते. लगेच वनरक्षकाला कळवा, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी द्या, पंचनामा करून घ्या. गावातला भटका कुत्रा रानात जाऊन चावला तरी तो 'रानकुत्रा' होत नाही, म्हणून पंचनाम्यात जनावराचे वर्णन आणि ठशांचे फोटो असू द्या. लस आणि सीरम प्रश्न १ प्रमाणेच. कोल्ह्याच्या किंवा लांडग्याच्या चाव्यात १० दिवस वाट पाहायचा प्रश्नच येत नाही.